‘नाहीं’ म्हणणारें मूल

मुलांच्या स्वातंत्र्यावर आजवर जीं पुस्तकें लिहिलीं गेलीं तीं जवळजवळ सारीं मोठ्या माणसांनीं लिहिलेलीं आहेत. ह्यांत नवल कांहींच नाहीं. पण त्यामुळें ह्या वाङ्मयाची परीक्षा करतांना एक अडचण उभी राहते. तुरुंगाधिकाऱ्यानें कैद्यांच्या हक्कांवर ग्रंथ लिहावा, आणि तो अगदीं मनापासून लिहावा, तशांतला हा प्रकार आहे. हेतु शुद्ध, भाषा गोड, कळकळ संशयातीत. परंतु किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हें वाचकानें पाहिलें पाहिजे.

ह्या पुस्तकांतील सिद्धान्त एकमेकांशीं ताडून पाहण्याचा रिवाज आहे. तो आम्हांस फारसा उपयोगाचा वाटत नाहीं, कारण सिद्धान्त बहुतेकांचे सारखेच असतात. मुलाला भीति दाखवूं नये, त्याच्या जिज्ञासेला वाव द्यावा, त्यानें आपलें आपण शिकावें, ऐकलेलें तपासून घ्यावें. हीं वाक्यें आतां शाळांच्या माहितीपत्रकांवरहि छापलेलीं असतात आणि तीं वाचून कोणाही पालकाची झोंप मोडत नाहीं. म्हणून सिद्धान्त बाजूला ठेवून आम्ही एक साधा प्रश्न विचारणार आहोंत. ह्या पुस्तकांतलें मूल ‘नाहीं’ म्हणूं शकतें काय? आणि तें तसें म्हणालें म्हणजे पुढल्या पानावर काय होतें? ‘हो’ म्हणण्याची मोकळीक कोणत्याही राज्यांत असते. स्वातंत्र्य आहे कीं नाहीं हें कळतें तें नकाराच्या वेळीं.

ह्या सर्व वाङ्मयाचा मूळपुरुष रूसो. त्याचा ‘एमिल’ १७६२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच दिवसांत पॅरिसच्या न्यायसभेनें तो जाळण्याचा हुकूम देऊन लेखकाला देशोधडीला लावलें. हा कोप मुख्यतः त्यांतील धर्मविषयक प्रकरणामुळें ओढवला होता. मुलें कशीं वाढवावीं ह्याबद्दल कोणी कोणाला जाळीत नाहीं. स्वतःचीं पांच मुलें रूसोनें अनाथगृहांत सोडलीं ही गोष्ट त्याचे शत्रु सांगतातच, पण ती त्यानें स्वतःहि कबूल केली आहे. तेवढ्यावरून ‘एमिल’ मिटून ठेवणारे वाचक आहेत. त्यांना सोपी सुटका हवी असते. ग्रंथ वाचून मग राग आला तर तो अधिक मोलाचा ठरेल.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याच्या प्रत्येक वयाला स्वतःची अशी पूर्णता असते, हें युरोपाला इतक्या जोरानें पहिल्यांदा सांगितलें तें रूसोनें. एमिलच्या हातीं बालपणीं पुस्तक नाहीं. पुढें पहिलें पुस्तक मिळतें तें रॉबिन्सन क्रूसोचें, कारण त्या एकाकी माणसाला प्रत्येक वस्तु स्वतःच्या उपयोगाच्या दृष्टीनें पारखून घ्यावी लागते. कोल्हा आणि कावळा ह्यांच्या गोष्टीवरील त्याची टीका तर कोणत्याही टीकाकारानें हेवा करावा अशी आहे. ला फाँतेनची ही कथा फ्रान्समधील मुलें पाठ करीत. आपल्याकडेहि ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रूसो ती ओळीओळीनें घेतो आणि विचारतो, ह्यांतून मुलाला खरोखर काय समजलें? तुम्हांला वाटतें, स्तुतीला भुलूं नये हें तें शिकलें. परंतु मूल कावळ्याला हसतें आणि कोल्ह्याच्या बाजूचें होतें. गोड बोललें कीं तोंडचा घास मिळतो, हें त्याच्या मनांत पक्कें बसतें!

चिकित्सेचा हा नमुना अप्रतिम आहे. मात्र चिकित्सा करतो तो रूसो. एमिलला ती गोष्ट वाचायलाच मिळत नाहीं, मग तिच्यावर शंका तो कुठून घेणार? शंकेचा आनंद गुरूनें स्वतःकडे ठेवला आणि तिचा निकाल तेवढा शिष्याच्या पदरांत टाकला.

आतां नकाराकडे वळूं. ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत रूसोनें एका हट्टी मुलाची हकीकत सांगितली आहे. हा मुलगा एमिल नव्हे. कांहीं आठवड्यांपुरता सांभाळायला मिळालेला, मनाला येईल तसें करायला सोकावलेला मुलगा. गुरूला काम असेल नेमकें त्या वेळीं ह्याला फिरायला जायचें असतें. गुरु रागावत नाहीं. तो म्हणतो, तुला हवें तर एकटा जा. मुलगा ऐटींत घराबाहेर पडतो. रस्त्यांत शेजारी त्याच्याकडे पाहून बोलूं लागतात : हा पोरगा एकटाच कुठें निघाला? बापानें घरांतून घालवून तर दिला नाहीं ना? पुढें दांडगीं पोरें भेटतात, टवाळी करतात. मुलाचा धीर सुटतो आणि तो घरीं परततो. मग आपल्याला कळतें कीं हें सर्व आधींच ठरलेलें होतें. बापाची संमति घेतलेली होती, शेजाऱ्यांना त्यांचें काम नेमून दिलेलें होतें, आणि मुलाला ठाऊक नसलेला गुरूचा एक मित्र सबंध वेळ त्याच्या मागून चालत होता.

ह्या प्रसंगांतील क्रौर्य हसऱ्या चेहऱ्याचें आहे, आणि रूसोला त्याची जाणीव असल्याचें दिसत नाहीं. मुलानें एक नकार दिला; त्या नकाराचा पाडाव करण्यासाठीं एका सबंध गल्लीला नाटकांत उभें केलें गेलें. छडीनें मारलें असतें तर मुलाला निदान शत्रु दिसला असता. येथें शत्रूच नाहीं. जगच तसें आहे असें त्याला वाटतें, आणि तें जग गुरूनें दुपारपुरतें भाड्यानें घेतलेलें असतें. मूल मालक आहे असें त्याला नेहमीं वाटूं द्यावें, पण मालकी आपल्याकडे ठेवावी, ह्या अर्थाचा उपदेश रूसोनें उघडपणें केला आहे. राजकारणांत ‘सामाजिक करारा’चा पुरस्कार करणाऱ्या ह्याच लेखकानें त्याच वर्षीं हें लिहिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तिसऱ्या भागांतला माँमोरान्सीच्या अरण्याचा प्रसंग पुष्कळांना आवडतो, आणि तो आहेहि रंगतदार. गुरु सूर्याच्या गतीवरून दिशा ओळखण्याविषयीं बोलत असतां शिष्य मध्येंच विचारतो, ह्याचा उपयोग काय? विद्यार्थ्यानें विचारावा असा ह्याहून चांगला प्रश्न नाहीं. गुरु पाठ तेथेंच थांबवतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला फिरायला नेऊन रानांत ‘हरवतो’. ऊन, भूक, घाम, शेवटीं रडें. मग हळूच एकेक प्रश्न : काल आपण दुपारीं हें रान कुठल्या बाजूला पाहिलें होतें? सावली कोणीकडे पडते आहे? दिशा सापडते, गांव सापडतें. आणि खगोलविद्येचा उपयोग असतो असें म्हणत एमिल जेवायला धांवतो. गांव झुडुपांच्या एका रांगेपलीकडेच होतें हें गुरूला पहिल्यापासून माहीत होतें.

पाठ उत्तम वठला, ह्यांत शंका नाहीं. पण ‘उपयोग काय’ ह्या प्रश्नाला सापळ्यानें उत्तर मिळालें. उपयोग नाहीं, असेंहि उत्तर निघूं शकलें असतें; त्याला जागाच ठेवली नाहीं. ग्रंथाच्या अखेरीस वयांत आलेला, लग्न झालेला, आतां बापहि होणार असलेला एमिल गुरूला विनवतो कीं तुम्ही आमचे मार्गदर्शक राहा. रूसोला हा आपल्या पद्धतीचा विजय वाटतो. आम्हांस तो तिचा पराभव वाटतो. आणि सोफी, एमिलची नियोजित वधू, तिला तर नकार शिकवण्याचाच प्रश्न उद्भवत नाहीं. पुरुषाला रुचेल असें वागणें हेंच तिचें शिक्षण. ह्यावर १७९२ सालीं मेरी वुल्स्टनक्राफ्टनें जो प्रहार केला तो आजहि बोथट झालेला नाहीं.

येथें एका मराठी पुस्तकाची आठवण होणें अपरिहार्य आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्यें श्याम पोहायला जायला भितो आणि घरांत लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनें मारीत विहिरीवर पाठवते. बालकाच्या नकाराला दिलेलें हें उत्तर नव्या शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतली छडी तर गुन्ह्याच्या रांगेंत नेऊन बसवली आहे, आणि तें योग्यच झालें. तरीपण रूसोच्या गल्लीपेक्षां ह्या माउलीची शिंपटी आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. ती मुलाच्या समोर उभी राहून जबरदस्ती करते आणि तिचें दुःखहि लपवीत नाहीं. श्यामला तिच्यावर रागावतां येतें. एमिलला रागावायला कोणी सांपडतच नाहीं. आजच्या सुशिक्षित घरांतून शिंपटी गेली. तिच्या जागीं काय आलें, शेजारी-पाजारी, शिकवणीवर्ग आणि ‘तुझा निर्णय तूंच घे’ असें म्हणून आधींच ठरवून ठेवलेला निर्णय, हें ज्याचें त्यानें आपल्या घरांत पाहावें.

रूसोचा ग्रंथ ज्यानें तरुणपणीं भक्तिभावानें वाचला अशा एका माणसानें बरोबर शंभर वर्षांनीं ह्या विषयावर जें लिहिलें तें मात्र अगदीं वेगळ्या जातीचें निघालें. टॉलस्टॉयनें १८५९ सालीं यास्नाया पोल्याना ह्या आपल्या गांवीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली आणि १८६२ सालीं त्याच नांवाचें मासिक चालवून तिची हकीकत छापली. कादंबरीकार टॉलस्टॉयच्या तेजांत हे लेख झांकले गेले. परंतु शिक्षणावरील ललितगद्यांत त्यांच्या तोडीचें फार थोडें आहे.

शाळेंत येणाऱ्या मुलांचे हात रिकामे असत. पुस्तक नाहीं, वही नाहीं, घरचा अभ्यास नाहीं. काल शिकलेलें आज आठवलेंच पाहिजे अशी सक्तीहि नाहीं. उशीर झाला म्हणून कोणी बोलत नसे. आतां नकाराचा प्रसंग पाहा. जेवणानंतरचा एखादा वर्ग चालू व्हायचा असतो, आणि कोणीतरी ओरडतो, ‘घरीं!’ क्षणांत सगळीं पोरें टोप्या घेऊन बाहेर पडतात; शिक्षक धडा तयार करून तसाच उभा. आठवड्यांतून एकदोनदां असें होई. टॉलस्टॉय म्हणतो तें थोडक्यांत असें : शिक्षकाला हें झोंबतें, कोणाला झोंबणार नाहीं? पण असें कधींमधीं घडतें म्हणूनच दिवसाचे बाकीचे पांच-सहा-सात धडे, ज्यांना मुलें कोणी न बोलावतां बसतात, त्यांना किंमत येते. मुलें जाऊं शकत होतीं आणि गेलीं नाहींत. ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र शिक्षकाला कोण देणार?

एकदां शाळेंत चोरी झाली. चोरी करणाऱ्याच्या अंगावर ‘चोर’ असें लिहिलेली चिठ्ठी शिवावी असा निवाडा मुलांनींच केला. त्या मुलानें पुन्हा चोरी केली, पुन्हा चिठ्ठी. तेव्हां टॉलस्टॉयनें त्या मुलाच्या आणि त्याला चिडवणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलें आणि ती चिठ्ठी फाडून टाकली. मुलांचें राज्य म्हणजे न्यायाचें राज्य असतें, अशी भाबडी समजूत त्यानें वाचकाला करून दिली नाहीं, ह्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. शिक्षेवरचा स्वतःचा विश्वास त्यानें ह्या प्रसंगांत गमावला, आणि तसें सांगितलें.

माँमोरान्सीच्या अरण्यांतील प्रश्न यास्नाया पोल्यानाच्या रानांतहि विचारला गेला आहे. हिवाळ्याची रात्र, शाळा सुटलेली, टॉलस्टॉय तीन मुलांबरोबर बर्फांतून चालला आहे. त्याच्या मावशीचा खून कसा झाला ही भयंकर गोष्ट तो त्यांना सांगतो. फेद्का नांवाचा मुलगा चालतां चालतां त्याचीं दोन बोटें धरतो. आणि मग तो विचारतो, गाणें कशासाठीं शिकायचें? चित्र कशासाठीं काढायचें? शब्द निराळे, पण प्रश्न एमिलचाच : उपयोग काय? टॉलस्टॉयला उत्तर सुचत नाहीं. कोणी एक मुलगा काठीनें लिंडनच्या झाडावर मारून विचारतो, हें झाड कशासाठीं? तुळयांसाठीं, असें दुसरा सांगतो. पण तोडलें नाहीं तोंवर? तोंवर कशाला नाहीं. फेद्काचें समाधान होत नाहीं; मग तें उगवतें कशाला? अंधारांत ही चर्चा चालत राहते, आणि उपयोगाखेरीज सौंदर्यहि असतें ह्या समजुतीपाशीं सर्वजण मिळून येऊन ठेपतात. गुरूजवळ उत्तर तयार नव्हतें. त्या रात्रीं कोणी कोणाला हरवलें नाहीं, आणि गांव झुडुपांमागें लपवून ठेवलेलें नव्हतें.

अशाच मोकळेपणानें एकदां ह्या मुलांनीं गोष्ट लिहिली. एका म्हणीवरून टॉलस्टॉय स्वतः लिहायला बसला. मुलें खांद्यावरून डोकावूं लागलीं, मग ‘असें नको, तसें’ म्हणूं लागलीं. शेवटीं फेद्का आणि स्योम्का सांगत होते आणि ‘कोसॅक्स’ ही कादंबरी जवळ जवळ पुरी करीत आणलेला लेखक लिहून घेत होता. एका पात्राच्या अंगावर बायकी कोट हवा असा फेद्काचा आग्रह. कां? तसाच हवा! टॉलस्टॉयला मागाहून उमगलें कीं त्या एका तपशिलानें तो दरिद्री, ओढग्रस्त माणूस समोर उभा राहिला होता. पुढें तें हस्तलिखित इतर पोरांनीं कागदीं खेळणीं करून फाडून टाकलें. ग्रंथकर्ता हळहळला. ते दोघे मात्र रात्रीं त्याच्या घरीं आले, खोलीचें दार लावून बसले, आणि गोष्ट पुन्हा लिहून दिली. शेतकऱ्याच्या मुलांनीं आपणांपासून लिहायला शिकावें कीं आपण त्यांच्यापासून, असा सवाल टॉलस्टॉयनें ह्यावर लेख लिहून केला. त्यांत अतिशयोक्ति आहे. टॉलस्टॉय अतिशयोक्तीशिवाय श्वास घेत नसे. पण ज्या माणसाला दहा वर्षांच्या मुलाचा ‘असें नको’ हा शेरा स्वतःच्या वाक्यावर सोसतां आला, त्याला तिचा अधिकार आहे.

हा सर्व डोलारा एका जमीनदाराच्या सवडीवर उभा होता, हें मात्र विसरतां येत नाहीं. गुलामगिरी कायद्यानें सुटून एकच वर्ष झालें होतें. ह्या मुलांचे बाप कालपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचे होते. १८६२ च्या जुलैंत पोलिसांनीं त्याच्या घराची झडती घेतली, सप्टेंबरांत त्याचें लग्न झालें, आणि शाळेवरचें त्याचें लक्ष उडालें. तो नंतर ह्या विषयाकडे पुन्हा वळला, १८७२ सालीं मुलांसाठीं वाचनमालाहि काढली; पण फेद्काला कोणी विचारलें नाहीं कीं आतां शाळा बंद करावी काय. ‘घरीं!’ म्हणून निघून जाण्याचा अधिकार मुलांना होता, आणि तो शेवटीं गुरूनेंच वापरला.

आतां आपल्या शेजारच्या गुजरातींतील ‘दिवास्वप्न’. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले, आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. मराठी वाचकांना त्यांचा परिचय मुख्यतः ताराबाई मोडकांमुळें झाला. ताराबाई भावनगरास त्यांच्याबरोबर काम करीत होत्या, आणि १९२६ सालीं निघालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणींत दोघांचाहि हात होता. ‘दिवास्वप्न’ ही कादंबरी म्हणावी तर त्यांत कथानक बेताचें, आणि प्रबंध म्हणावा तर त्यांत सिद्धान्त कमी. एक हौशी माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, प्राथमिक शाळेचा एक वर्ग प्रयोगाला मागतो, आणि साशंक अधिकारी त्याला चौथीचा वर्ग एक वर्षापुरता देतो. त्या वर्षाची ही कैफियत. हें स्वप्न असलें तरी त्याचीं मुळें अनुभवांत आहेत, असें लेखकानें आरंभींच सांगून ठेवलें आहे.

पुस्तकांतलें सर्वोत्कृष्ट प्रकरण पहिल्या दिवसाचें. नव्या गुरुजींनीं रात्रीं बसून बेत आखला आहे. माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांतला शांततेचा खेळ घ्यायचा. दारें-खिडक्या लावल्या, अंधार केला, आतां शांतता पसरणार. आणि अंधारांतून आवाज येतो : म्यांव! मग पाय आपटणें, मग हशा. बेत कोसळतो. गुरुजी वर्गाला सुटी देऊन मोकळे होतात, आणि परवानगीवांचून सुटी दिली म्हणून मुख्याध्यापकांची बोलणीं खातात.

हा म्यांव आमच्या मतें बालशिक्षणाच्या भारतीय वाङ्मयांतील एक अत्यंत महत्त्वाचा उद्गार आहे. रूसोच्या पांच भागांत असा एकहि आवाज नाहीं, कारण तेथें गुरु कधीं फसत नाहीं. गिजुभाईंचा गुरुजी फसतो, आणि तो मुलांना दोष देत नाहीं. बेतालाच दोष देतो. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगायला बसतो. एक राजा होता, त्याला सात राण्या होत्या, आणि काल दंगा करणारा वर्ग चिडीचूप होतो.

येथपर्यंत उत्तम. परंतु गोष्टीच्या ओढीनें एकदां वर्ग वश झाल्यावर पुस्तकांतून मुलांचा नकार हळूहळू मावळत जातो. खेळ, अंताक्षरी, पाठांतरावांचून उभीं केलेलीं नाटकें, खेळांतून व्याकरण, गोष्टींतून इतिहास. प्रत्येक नवी युक्ति यशस्वी होते आणि मुलें टाळ्या पिटतात. युक्त्या खऱ्या आहेत, शिक्षकांनीं उचलाव्या अशाच आहेत. पण चाळीस मुलांच्या वर्गांत राजाराणीचा कंटाळा येणारें एखादें मूल असणारच. त्याचें नांव ह्या स्वप्नांत येत नाहीं. गोष्टीवर शंका घेणारें, ‘गुरुजी, हें खोटें आहे’ असें म्हणणारें मूलहि भेटत नाहीं. आनंद भरपूर आहे, चिकित्सा थोडी. म्यांव करणारा तो पोर कुठें गेला, असें वाचकाला राहून राहून वाटतें.

तो गेला नाहीं. त्याची जागा गुरुजींनीं घेतली. हें ध्यानांत आलें म्हणजे पुस्तकाची खरी उंची दिसूं लागते. पहिल्या दिवसानंतर ‘नाहीं’ म्हणतो तो स्वतः शिक्षक. क्रमिक पुस्तकें विकत घेऊं नका, त्या पैशांचें वर्गासाठीं ग्रंथालय करूं, असें तो सांगतो आणि पालक बिथरतात. परीक्षेंतली चढाओढ, नंबर, बक्षिसें त्याला मान्य नाहींत. वरिष्ठ अधिकारी येणार म्हणून इतर वर्ग पोपटपंचीची तालीम करीत असतां ह्याच्या वर्गांतलीं मुलें आपल्या मनानें नाटक करून दाखवतात. मुख्याध्यापक टोमणे मारतात, सहकारी हसतात, पालकांची सभा बोलावली तर मोजकीं माणसें येतात. आणि हें सारें तो वर्ग पाहत असतो. एक मोठा माणूस आपल्याहून वरच्याला, आवाज न चढवतां, कारण देऊन, नकार देतो आणि त्याची किंमत मोजतो, हें दृश्य त्या चाळीस मुलांनीं वर्षभर समोर पाहिलें. स्वातंत्र्याचा दुसरा कोणता धडा त्यांना हवा होता? जो शिक्षक साहेबापुढें मान तुकवतो आणि वर्गांत येऊन निर्भयतेवर बोलतो, त्याचें बोलणें मुलांना केव्हांच कळलेलें असतें. हें गिजुभाईंनीं कोठेंहि उपदेश म्हणून लिहिलेलें नाहीं; तें कथेंतून आपोआप निघतें, आणि म्हणूनच पटतें.

तरी एक उणीव सांगितलीच पाहिजे. ह्या स्वप्नाची मुदत एका वर्षाची आहे आणि ती एका अधिकाऱ्याच्या चिठ्ठीवर मिळालेली आहे. यास्नाया पोल्यानाला जमीनदाराची सवड, येथें साहेबाची मर्जी. पुढच्या वर्षीं पांचवींत त्या मुलांचें काय झालें, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाहीं. स्वप्नाला पुढचें वर्ष नसतें, असें त्यावर म्हणतां येईल.

पुढच्या वर्षाची जबाबदारी ज्यांनीं खरोखर घेतली त्या ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. १९३६ सालीं ताराबाई मुंबईस परतल्या. दादरच्या शिशुविहारांत पांढरपेशा घरांचीं मुलें येत, आणि नवें बालशिक्षण तेथें रुजलेंहि. परंतु १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र निघालें तेव्हां एक नवीनच नकार समोर आला. वस्तींतलीं गरीब मुलें बालवाडींत येईनात. त्यांनीं म्यांव केलें नाहीं, ‘घरीं!’ अशी आरोळीहि ठोकली नाहीं. तीं मुळीं आलींच नाहींत. ह्या नकाराला रूसोनें काय केलें असतें ह्याची कल्पना करवत नाहीं. बोर्डीच्या बायकांनीं पेटी उचलली आणि वस्तीच्या अंगणांत जाऊन बसल्या. तीच अंगणवाडी, १९७५ नंतर सरकारी योजनेमुळें तें नांव देशभर गेलें. परदेशी बनावटीचीं महाग साधनें परवडणारीं नव्हतीं, तेव्हां शिंपले, बिया, खडे, पानें हींच साधनें झालीं. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेथें वारली मुलें भेटलीं, आणि त्यांतलीं जरा मोठीं गुरांमागें रानांत असत. शाळेच्या वेळेला गाय थांबत नाहीं. मग शाळाच कुरणांत गेली, आणि तिला कुरणशाळा असें साधें नांव मिळालें.

नकार ऐकल्यावर मूल बदलण्याऐवजी शाळा बदलली, असें ह्या सबंध वाङ्मयांत प्रथमच घडतांना दिसतें. आणि तें एखाद्या सिद्धान्तामुळें घडलें नाहीं, मुलें येत नाहींत ह्या रोजच्या अडचणीमुळें घडलें. अनुताईंनीं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ह्या पुस्तकांत आपल्या कामाची हकीकत सांगितली आहे. त्या १९९२ सालीं वारल्या. परंतु कुरणशाळेवर ‘एमिल’च्या आवाक्याचा, यास्नाया पोल्यानाच्या लेखांइतका निर्भीड असा ग्रंथ मराठींत झालेला नाहीं. तो कोणी लिहिलाच, तर त्यांतलें एक प्रकरण कुरणाच्या बाजूनें लिहिलेलें असावें : बाई पेटी घेऊन चढण चढून आल्या तेव्हां काठीला रेलून उभ्या असलेल्या त्या गुराखी पोरांनीं एकमेकांत, आपल्या वारली बोलींत, काय म्हटलें.